आक्का गोड बोलायच्या तेव्हा

आक्कांच्या तोंडून 'बाळा' हा शब्द आला की आमच्या चाळीत पळापळ व्हायची. कुणी साखरेचा डबा आणायचं, कुणी पाण्याचा तांब्या, कुणी त्यांच्या मुलाला फोन लावायचं. नवीन आलेल्या भाडेकरूला हे सगळं चमत्कारिक वाटायचं. एरवी 'मुडदा बशिवला तुझा' म्हटल्याशिवाय ज्यांचं वाक्य सुरू होत नाही, त्या मालकीणबाई आज मायेनं विचारपूस करताहेत, तर खूश व्हायचं सोडून ही माणसं साखर का शोधताहेत? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. आक्का जाऊन आता वर्ष होत आलं, पण माझी सवय गेलेली नाही. कुणी कारण नसताना फार मऊ बोलायला लागलं की माझा हात आपोआप पर्समधल्या साखरेच्या पुडीकडं जातो. नवरा हसतो. म्हणतो, "अगं, तो विमा एजंट आहे."

तळवड्यात आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींमागं लेथच्या लहान लहान वर्कशॉपची एक गल्ली आहे. त्या गल्लीच्या टोकाला आक्कांची चाळ. एकेकाळी तिथं त्यांचं ज्वारीचं रान होतं, मग वांगी-टोमॅटो झाले, मग सिमेंटच्या खोल्या उगवल्या. मी लग्न होऊन लातूरकडून थेट त्या खोलीत उतरले. नवरा कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, मी पुढं चाकणला गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यांच्या, कंपनीत लागले. पहिल्या दिवशी मी आमच्या लातूरच्या बोलीत अदबीनं विचारलं, "काय करूलालाव आक्का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आधी नीट बोलायला शीक, मग खोलीची किल्ली देते." किल्ली मात्र त्यांच्या हातातच होती आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी पाण्याची कळशी होती.

शिव्या हीच त्यांची बोलीभाषा होती, तीत राग फारसा नसे. मला ताप आला तेव्हा त्या तांदळाची पेज घेऊन आल्या आणि मी पेज संपवेपर्यंत माझ्या आईबापांचा उद्धार करत शेजारी बसल्या. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "काय गं टवळे, आईला लई छळलंस म्हणं." पोरगी हसली. चाळीतल्या माणसांना ती शिवी सकाळी ऐकू आली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

गोड बोलण्याचा अर्थ मला कळला तो नळावर. सकाळची पाण्याची वेळ. कोकणातले एक भाऊ बादली घेऊन रांगेत उभे होते. आक्का हौदाच्या कडेला बसलेल्या. त्या भाऊंना म्हणाल्या, "आधी तू भर रे बाळा, तुला शिफ्टला उशीर होत असंल." भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी वळून आम्हा सगळ्यांना सांगितलं, मालकीण सुधारल्या. आक्का हसत होत्या, पण नजर कुठं लागत नव्हती. पदराचं टोक हातात घेऊन त्या त्याची पुन्हा पुन्हा घडी करत होत्या. मग बसल्या बसल्या एका बाजूला कलंडल्या. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणायचे, आतून धावत आला. त्यानं साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं आक्कांनी डोळे मोठे केले, समोरच्या भाऊंकडं बघितलं आणि म्हणाल्या, "टकामका काय बघतोस मुडद्या? नळ बंद कर की." दादानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "आली आई."

दादानं मग आम्हाला समजावून सांगितलं. आक्कांना तरुणपणापासून शुगर होती, इन्सुलिनची सुई चालू होती. साखर चढलेली चालते काही काळ, पण उतरली की धोका. इतरांना आधी घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं. आक्कांनाही पूर्वी व्हायचं. पण इतक्या वर्षांत आतल्या नसांवरच परिणाम झाला आणि ती सूचना मिळणं बंद झालं. आता साखर उतरल्याचं एकच लक्षण उरलं होतं, आई गोड बोलायची. तेव्हापासून चाळीतल्या प्रत्येक खोलीत दारामागच्या फळीवर साखरेची वाटी झाकून ठेवलेली असायची. गोकुळाष्टमीला सुद्धा त्या वाटीला कुणी हात लावायचं नाही.

आक्का चप्पल घालत नसत. "आपल्याच रानात चपला कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रानाची फरशी झाली, गल्लीत डांबर आलं, लेथवरून उडालेल्या लोखंडाच्या कुरळ्या कातरणी कोपऱ्याकोपऱ्यात पडू लागल्या, तरी त्यांच्या लेखी ते रानच होतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावरून त्या कुरडया वाळत घालायला अनवाणी चालायच्या आणि आम्हाला हिणवायच्या, "तुमचं पाय लोण्याचं. माझ्या पायाला काटा सुदिक लागत न्हाई." आम्हाला ते खरं वाटायचं. जुन्या काळातली माणसं कणखर, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

एकदा दादाला वेळ नव्हता म्हणून मी त्यांना निगडीला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आक्कांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "आजी, मी या बारीक, ताठ दोऱ्यानं पायाला टोचते. लागलं की 'हो' म्हणा." आक्का डोळे मिटून पडल्या. डॉक्टर टाचेला, तळव्याला, अंगठ्याला, एकेका बोटाला दोरा टेकवत गेल्या. आक्का गप्प. शेवटी वैतागून म्हणाल्या, "अगं सुरू कर की बये, कवाची डोळं मिटून बसलीय मी." डॉक्टरांचं सगळं तपासून झालं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कंपनीत आम्ही वायर तपासतो तेव्हा कधी कधी असं होतं. वायर अखंड असते, क्लिप नीट बसलेली असते आणि बोर्डावरचा दिवा लागत नाही. मला त्या टेबलाजवळ उभं राहून तेच आठवलं. परत येताना मी त्यांना रबरी चपला घेऊन दिल्या. त्या चपला त्यांनी देव्हाऱ्याखाली नीट ठेवून दिल्या.

आता पलीकडचीबद्दल सांगायला हवं. आक्कांच्या घराला लागून त्यांच्या धाकट्या जावेचं घर. मध्ये अंगण एकच होतं, पण त्यात माणसापेक्षा उंच पत्रे उभे केलेले. आक्का जावेचं नाव घेत नसत. 'पलीकडची' म्हणायच्या. पलीकडचीचा टीव्ही मोठा लागतो, पलीकडचीची मांजर दूध पिऊन गेली. मग आम्हीही त्यांना पलीकडच्या काकू म्हणू लागलो. चाळीतल्या जुन्या बायका सांगायच्या, पूर्वी दोघी एका ताटात जेवायच्या, आक्का तिला 'धाकले' अशी हाक मारायच्या आणि ती हाक पार ओढ्यापर्यंत ऐकू जायची. काकूंची थोरली मुलगी तर आक्कांच्याच मांडीवर वाढली. त्या मुलीच्या लग्नात हळदीचा पहिला हात आक्कांचा, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पण लग्नाच्या आदल्या वर्षी आक्कांचे मालक गेले. हळदीच्या वेळी आक्कांनी वाटी हातात घेतली आणि नात्यातली एक म्हातारी म्हणाली, थांब, तू नको, सवाष्णीचा हात लागू दे. आक्कांनी जावेकडं बघितलं. जाऊ खाली मान घालून गप्प राहिली. आक्कांनी वाटी ठेवली, हात धुतले आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी अंगणात पत्रे उभे राहिले.

हे सगळं मी येण्याआधीचं. मी बघितलं ते नवरात्रातलं. आक्का नऊ दिवस उपास करायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई घेतली की पोटात अन्न गेलंच पाहिजे. आक्कांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. सुई चुकवायची नाही म्हणून ती सकाळी घेतली आणि देवीचा उपास मोडायचा नाही म्हणून वर पाणी प्यायल्या. दोन्ही आज्ञा पाळल्याचं समाधान तोंडावर होतं. मी पहिल्या शिफ्टवरून दुपारी परतले, तर आक्का ओसरीवर नव्हत्या. दारापासून फरशीवर रक्ताचे ठसे होते, एकाच पायाचे, गल्लीतून आत आलेले आणि पुन्हा बाहेर गेलेले. मी त्या ठशांमागं गेले. ठसे लेथच्या वर्कशॉपवरून वळसा घेऊन पलीकडच्या काकूंच्या दारात शिरले होते.

आत आक्का जावेच्या पलंगावर बसल्या होत्या, तिचा हात हातात धरून. तळव्यात लोखंडाची कुरळी कातरण बोटभर आत गेलेली, पाय टेकेल तिथं रक्त आणि आक्का फरशीकडं बघून काळजीनं विचारत होत्या, "कुणाचं रगत सांडलंय गं? पोराला लागलं का कुणा?" काकूंना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले. मला बघून म्हणाल्या, "आक्का आल्या गं माझ्याकडं. आपल्या पायानं आल्या." आक्का त्यांच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "धाकले, लई वाळलीस गं. जेवत न्हाईस का?"

समोर चहाचा कप होता. आक्कांना शुगर, हे काकूंना पत्र्यापलीकडूनही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आठवणीनं, मायेनं चहा बिनसाखरेचा केला होता. देवीपुढचा पेढा ताटलीत आणून पुन्हा आत नेऊन ठेवला होता. इतक्या वर्षांनी जाऊ घरी आली आणि आपल्या हातून तिला अपाय नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मी काकूंच्या स्वयंपाकघरातून साखरेचा डबाच उचलून आणला. आक्का अजून गिळू शकत होत्या. मी चहात साखर ओतली आणि घोट घोट पाजला, मग पेढा कुस्करून भरवला. काकू माझा हात धरून सारख्या म्हणत होत्या, अगं काय करतीस, शुगर हाय त्यांना. थोड्या वेळानं आक्कांची नजर ठिकाणावर आली. त्यांनी खोली बघितली, भिंतीवरचा दिराचा फोटो बघितला, मग आपल्या हातातला जावेचा हात बघितला आणि तो सोडला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला हितं कुणी आणली गं?" आणि काकूंकडं न बघता, रक्ताळलेला पाय ओढत बाहेर पडल्या.

काकू दाराशी उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, "आक्का बोलल्या ते त्यांच्या मनातलं का साखर उतरल्यानं?" मी आक्कांच्या मागं धावले.

पाय तपासायला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना हाच प्रश्न केला. त्या म्हणाल्या, मेंदूजवळ स्वतःचा डबा नसतो, त्याला दर क्षणाला रक्तातून साखर लागते. ती कमी पडली की माणसाचं भान आधी जातं. कुणी चिडतं, कुणी रडतं, कुणी गोड बोलतं. मी विचारलं, मग जे बोलतं ते खरं की खोटं? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही." मला त्या आवडल्या. मी काकूंना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही, पण प्रश्न त्यांच्या डोळ्यांत राहिला.

आक्कांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जखमेची पट्टी रोज बदलायची होती. दादा कामावर, सून नोकरीला. एका सकाळी पलीकडच्या काकू न विचारता आल्या आणि पाय मांडीवर घेऊन बसल्या. आक्कांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, पण पाय मागं घेतला नाही. खोलीत दोघीच असायच्या आणि आक्का भिंतीला सांगायच्या, "पलीकडचीला सांगा, पट्टी घट्ट झालीय." काकू विचारायच्या, "कुणाला सांगू?" आक्का म्हणायच्या, "तिलाच." असं महिनोन् महिने चाललं. जखम भरल्यावरही काकू येत राहिल्या. पत्रे तसेच होते, काकू गल्लीनं वळसा घालून यायच्या.

पुढं आम्ही मोशीला फ्लॅट घेतला आणि चाळ सुटली. निघताना आक्कांनी मला इतक्या शिव्या दिल्या की टेम्पोवाला सुद्धा गडबडला. मी सणासुदीला जात राहिले. एका संक्रांतीला गेले तर आक्का पलंगावर बसून हसत म्हणाल्या, "ये बाई, बस. उन्हाची आलीस, पाणी घे." माझा हात पर्समध्ये गेला. पुडी काढली, उघडली, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आत्ताच बघितली मशीनवर. साखर बरोबर हाय." मी आक्कांकडं बघितलं. त्या मला ओळखत नव्हत्या.

डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या शुगरनं खराब झाल्यात, असं डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं. थोडं वयही, थोडे त्या उतरलेल्या साखरेचे फटकेही. आता आक्का सगळ्यांशीच गोड बोलायच्या. दूधवाल्याशी, मांजराशी, जावेशी. जावेला 'ताई' म्हणायच्या, पाहुणीला म्हणतात तसं. आता हे गोड बोलणं कुठल्याच वाटीतल्या साखरेनं थांबणार नव्हतं. काकू मुद्दाम त्यांच्याशी भांडण उकरून काढायच्या. भाजीत मीठ जास्त टाकायच्या, टीव्ही मोठा लावायच्या. आक्का म्हणायच्या, छान झालीय हं भाजी. काकू ताट घेऊन आत जायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "एक शिवी दिली असती ना गं मला, तरी चाललं असतं."

गेल्या वर्षी काकूंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मी हळदीला गेले. अंगणातले पत्रे काढलेले होते, मांडव दोन्ही घरांवर मिळून घातलेला. आक्कांना खुर्चीत आणून बसवलं होतं, पायात मी घेतलेल्या त्या रबरी चपला. मुलगा पाटावर बसला आणि काकू हळदीची वाटी घेऊन सरळ आक्कांपाशी गेल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, अगोदर सवाष्ण लागते. काकू वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पहिला हात आक्कांचा. मागं मी गप बसले, आता बसणार न्हाई."

आक्कांनी वाटीत बोटं घातली. आता हातांच्या बोटांनाही काही कळत नव्हतं, त्यामुळं हळद लागली की नाही ते त्यांना डोळ्यांनी बघावं लागलं. त्यांनी हात वर उचलला. हळद बोटांवरून मनगटावर आणि तिथून कोपरापर्यंत ओघळली. आक्का त्या ओघळाकडं बघत राहिल्या. कपाळाला आठी पडली. ती आठी मी किती दिवसांनी बघत होते.

"धाकले," त्या म्हणाल्या, "हळद एवढी पातळ कालवत्यात व्हय गं? सासूनं काय शिकिवलं तुला, टवळे?"

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "मशीन आण. आधी साखर बघ हिची." मी धावत जाऊन आणलं. आक्कांच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचली, त्यांना कळलंही नाही. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "साखर अगदी बरोबर आहे काकू."

काकू आक्कांच्या पायाशी, जमिनीवरच बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. आक्कांनी हळदीचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, सगळा भांग पिवळा केला आणि म्हणाल्या, "रडतीस काय मेले? ऊठ, हळद घट्ट कर. पोरगं कवाचं बसलंय."